सागाचा साहेब

लाकडाच्या डेपोत नोकरी केलेल्या माणसाला थप्प्या लावायची सवय असते. सागाची थप्पी वेगळी, बिजाच्या लाकडाची वेगळी, जळाऊ लाकडाचे रचलेले बीट वेगळे. प्रत्येकावर नंबर, प्रत्येकाची नोंद. किश्शांचं तसं जमत नाही. ते येतील तसे पडत जातात, आणि एखाद्या दिवशी चार जुने लोक घरी बसले, चहा झाला, की आपोआप घरंगळायला लागतात.

परवा तसंच झालं. कोणीतरी म्हणालं, "बोरकरबाबू, तो तुमच्या डेपोतला साहेब सांगा ना!" मी सांगायला लागलो. अर्ध्यापर्यंत सगळे पोट धरून हसत होते. पुढं कोणी हसलं नाही. मग म्हटलं, लिहूनच टाकावं एकदा.

डेपो कुठला ते सांगत नाही. सिरोंच्याच्या रस्त्याला लागलं की असे दोन-चार डेपो लागतात, त्यातला एक धरा. मी तिथं बाबू होतो. आवक-जावक, हजेरी, पत्रव्यवहार, सभेचं इतिवृत्त, सगळं माझ्याच टेबलावर. अक्षर चांगलं होतं, हाच माझा गुन्हा!

*

डेपोच्या गेटाशी एक पुतळा होता. दगडाचा नाही, पितळेचा नाही. सागाच्या एका अख्ख्या खोडातून कोरलेला, पुरुषभर उंच. इंग्रजाच्या काळातला कोणी जंगलसाहेब. गोल टोपी, भरघोस मिशा, गुडघ्यापर्यंत मोजे आणि हातात छडी. खालच्या पाटीवरचं नाव केव्हाच झिजून गेलं होतं, म्हणून सगळे त्याला 'टोपीवाला साहेब' म्हणत.

हर्रासाच्या दिवशी, म्हणजे लाकडाचा लिलाव असेल त्या सकाळी, ठेकेदार लोक आधी त्याला हार घालत. अगरबत्ती लावत. वडशाचे एक ठेकेदार तर चौथऱ्यावर पेटती सिगारेट ठेवत. म्हणत, "साहेबाले आवडते." त्यांना हे कोणी सांगितलं, ते आम्ही कधी विचारलं नाही.

एकदा नवे रेंजर आले. तरणाबांड पोरगा, ट्रेनिंगमधून थेट आमच्याकडं. गाडीतून उतरले आणि पुतळ्यासमोर थबकले. गेटासमोरच रशीदभाईचं फर्निचरचं दुकान. सागाचे पलंग, दरवाजे, चौकटी. हा माणूस दिवसभर रंधा मारणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेणार.

रेंजरसाहेबांनी विचारलं, "हे कोण?"

रशीदभाई रंधा न थांबवता म्हणाला, "तुमचेच सिनियर आहे साहेब! याइची बदलीच नाई झाली अजून!"

रेंजरसाहेबांनी टाचा जुळवल्या आणि पुतळ्याला कडक सॅल्यूट ठोकला! पुढं त्यांना खरं कळलं, पण सवय सुटली नाही. रोज सकाळी हात अर्धा वर जायचा आणि मग ते टोपी नीट केल्यासारखं करायचे.

*

या साहेबाला तेल लावायचं काम तलांडीबुढ्याकडं होतं. बुढा म्हणजे आमचा जुना वनमजूर, जंगलात खूप आत असलेल्या माडिया गावचा. रिटायर झाला तरी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, असा वर्षातून दोनदा मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल घेऊन चालत यायचा. फडक्यानं आधी पुसायचा, मग तेल लावायचा. टोपीपासून बुटापर्यंत. मिशांच्या खाचांमध्ये काडीनं तेल घालायचा. बोटांना तर फार वेळ लावायचा. एकेक बोट वेगळं.

हे काम त्याला कोणी दिलं होतं? कोणीच नाही. मी आलो तेव्हाही तोच लावत होता. आम्हाला वाटायचं, असेल जुनी पद्धत.

एका वनमहोत्सवाला पाहुणे आले, मोठे. त्यांनी बुढ्याला साहेबाच्या पायाशी बसून तेल चोळताना पाहिलं आणि विरघळलेच! म्हणाले, "काय श्रद्धा आहे बघा! शंभर वर्षांनीसुद्धा आदिवासी बांधव आपल्या साहेबाला विसरला नाही!" फोटोग्राफरला बोलावलं. बुढ्याला म्हणाले, "हात जोडा." बुढ्यानं जोडले. "हसा." बुढा हसला नाही.

पेपरात फोटो आला. खाली छापलं होतं, 'कृतज्ञतेचा झरा.' ती प्रेसनोट मीच लिहिली होती. झरा हा शब्दसुद्धा माझाच. ऑफिसात सगळ्यांनी कौतुक केलं, रशीदभाईनं तर समोसे सांगितले. मी चवीनं खाल्ले.

*

मग एके वर्षी साहेबावरून भांडण पेटलं. कुठंतरी दूर कोणाचा तरी पुतळा पाडला, त्याचे व्हिडिओ मोबाईलवर फिरले, आणि आमच्या गावाला एकदम आठवलं की आपल्याकडंही एक आहे!

सकाळी अकराला एक निवेदन आलं. 'या जुलमी साहेबाने गावेच्या गावे उठवली, लोकांना वेठीला धरले, फटके मारले. पुतळा तात्काळ हटवावा.' साडेअकराला दुसरं आलं. 'या दूरदर्शी साहेबाने साग लावला, वणवे थांबवले, आज जंगल आहे ते त्याच्यामुळे. पुतळ्याला धक्का लावाल तर खबरदार.' मी दोन्हींना आवक नंबर दिले, एकापाठोपाठ एक. दोन्ही शिष्टमंडळं एकाच बाकावर बसून एकाच किटलीतला चहा प्यायली.

सह्या तपासताना पाहतो तर काय, रशीदभाईची सही दोन्ही निवेदनांवर!

मी विचारलं, "रशीदभाई, हे काय? एक काही तरी धरा!"

"बाबू, त्याइच्या पोरीच्या लग्नाचा पलंग माह्याकडं आहे," तो म्हणाला, "अन् याइच्या घराचे दरवाजे माह्याकडं आहे. तुम्हीच सांगा, मी कोणाले नाई म्हनू?"

"पण तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

तो पुतळ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "साहेब कसा होता मले काय मालूम? पण कोरनारा उस्ताद होता. हे बोटं पाहा. मले नाई जमनार, माह्या बापालेही नसते जमले. कोन होता काय मालूम."

मलाही माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. आणि तेव्हाही मी दुसऱ्या अर्जाकडं वळलो, कारण तिसरं शिष्टमंडळ येऊन उभं होतं. त्यांचं म्हणणं, साहेब काढा किंवा ठेवा, पण चौथरा रिकामा झाला तर आमच्या नेत्याचा नंबर पहिला लावा!

*

रेंजरसाहेब घाबरले. म्हणाले, "बोरकर, हा दोन्ही पार्ट्यांना दिसताच कामा नये. दिसला नाही की डोकी थंड होतात." साहेबाला डोक्यापासून पायापर्यंत ताडपत्री गुंडाळली आणि वरून नायलॉनच्या दोरीनं आवळला.

झालं! दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार. बाजाराला आलेल्या माणसानं झाकलेला पुतळा पाहिला की तो काय समजणार? नवा पुतळा आला, अनावरण व्हायचं आहे! दुपारपर्यंत गेटासमोर ही गर्दी. एक बॅन्डवाला ऑर्डर विचारायला आला. एका पुढाऱ्याच्या पीएचा फोन आला, "अनावरण कधी आहे? आमच्या साहेबांची तारीख घेतल्याशिवाय ठरवू नका!"

संध्याकाळी दोन्ही पार्ट्या हजर. एक ओरडते, "नवीन पुतळ्याले परमिशन कोनं देल्ली?" दुसरी ओरडते, "जुना कुठी नेला?"

शेवटी रेंजरसाहेबांनी स्वतःच्या हातानं ताडपत्री वर केली. "अरे तोच आहे बाप्पा! तोच आहे! पाहून घ्या!"

दोन्ही पार्ट्यांनी वाकून पाहिलं. तोच होता. दोघांनाही हायसं वाटलं आणि सगळे शांतपणे घरी गेले!

आठवड्यानं तलांडीबुढा आला. ताडपत्रीभोवती एक चक्कर मारली. माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "बाबू, आतमंदी घाम सुटते. लाकूड सडते." इतकं मराठी तो बोलायचा. मी म्हटलं, "वरून आदेश आहे बाबा." तो गेला, ताडपत्रीचा खालचा कोपरा उचलला आणि हात पोचेल तितकंच तेल लावून परत चालत गेला. घोट्याच्या वर हात जात नव्हता.

*

आता तो किस्सा, जो मी वर्षानुवर्षं हसत हसत सांगायचो.

वरून पत्र आलं, सर्वांची मतं घ्या. डेपोच्या शेडमध्ये सभा झाली. तहसीलचे अधिकारी, दोन्ही पार्ट्या, व्यापारी, शाळेचे मास्तर. इतिवृत्त लिहायला मी. प्रत्येकाला तीन मिनिटं.

एक जण उठून म्हणाला, "यानं लावला तोच साग विकून आजही तुमच्या पगारी होते!" टाळ्या. दुसरा उठला, "अन् ज्याइच्या पाठीवर चाबूक ओढून लावला त्याइचं काय? त्याइच्या नातवाईनं याच्या पाया पडाव का?" तिकडून टाळ्या. खरं सांगतो, मला दोघांचंही पटत होतं. बाबूला हा रोगच असतो, ज्याचं निवेदन हातात असेल त्याचं पटतं.

तेवढ्यात मागून तलांडीबुढा उठला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. पटका नवा बांधला होता. हात वर केला आणि बोलायला लागला, माडियात. सभेत माडिया कळणारं कोणी नव्हतं. त्याचा मुलगा रैनू आमच्याकडंच वनमजूर होता, पण त्याला मीच गेटावर बंदोबस्ताला उभं केलं होतं.

बुढा तीन मिनिटं बोलला, पाच बोलला, दहा बोलला. मध्येच पुतळ्याकडं बोट करायचा. मग स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून सगळ्यांना दाखवायचा. मग जंगलाकडं हात. आवाज चढला नाही, उतरला नाही. माझं माडिया म्हणजे ये, बस, पाणी आण, एवढंच. चौतीस वर्षांच्या नोकरीत एवढीच कमाई.

रेंजरसाहेब माझ्या कानाशी लागले. "बोरकर, काय म्हणतात हे?"

मी म्हटलं, "आभार मानत असतील, साहेब!"

रेंजरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. बुढा बोलता बोलता थांबला. सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि खाली बसला.

मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'एका ज्येष्ठ वनमजुराने समयोचित विचार मांडून सभेचे आभार मानले.'

दुसऱ्या दिवशी एका पेपरात आलं, 'पुतळ्याला आदिवासींचा पाठिंबा.' दुसऱ्यात आलं, 'पुतळ्याला आदिवासींचा विरोध.' फोटो एकच! बुढ्याचा, हात वर केलेला. रशीदभाईनं दोन्ही कात्रणं दुकानात शेजारी शेजारी चिकटवली होती. लोक थांबून वाचायचे आणि हसायचे. मीही थांबायचो.

*

निकाल लागला तो सरकारी पद्धतीचा. ठेवायचाही नाही, मोडायचाही नाही. हलवायचा! कुठल्याशा संग्रहालयाला पत्र गेलं, त्यांचं उत्तर येईपर्यंत पॅकिंग करून तयार ठेवा म्हणून आदेश आला.

आता डेपोचा नियम असा की सागाचं लाकूड टीपीशिवाय, म्हणजे वाहतुकीच्या परवान्याशिवाय, गेटाबाहेर जात नाही. पुतळा असला म्हणून काय झालं, साग तो सागच. परवान्यात लांबी पाहिजे, घेरी म्हणजे घेर पाहिजे, घनमीटर पाहिजे, आणि लाकडावर हॅमरनं ठोकलेला शिक्का पाहिजे.

ताडपत्री सोडली आणि टेप घेऊन आम्ही साहेबाला मोजायला लागलो. लांबी टोपीसकट धरायची की टोपी सोडून? घेरी छातीवर की पोटावर? रेंजरसाहेब म्हणाले, "पोटावर घ्या. बदलीत पोट सुटतंच." त्यांना आता आमची हवा लागली होती. मी रकान्यात लिहिलं, 'जात साग, नग एक.'

शिक्का मारायचा कुठं? ओंडक्याला कापलेलं तोंड असतं, तिथं मारतात. साहेबाला सपाट जागा फक्त बुटांच्या तळव्यांना. म्हणजे आडवा करणं आलं. बारा मजुरांनी दोर लावून त्याला खाली घेतला. सगळे हसत होते, "साहेब रिटायर झाले रे!"

हॅमर रैनूच्या हातात होता. त्यानं तो बाजूला ठेवला. खांद्यावरचा दुपट्टा काढला, चार घड्या केल्या आणि जमिनीला टेकण्याआधी साहेबाच्या उजव्या हाताखाली सरकवला. मग उठून बुटावर शिक्का मारला, हलकाच. उमटला नाही. दुसऱ्यांदा मारावा लागला.

मी पाहिलं होतं ते. टीपीवर सही करायची घाई होती, म्हणून विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे त्याच क्षणी मनात आलं होतं. ते जास्त वाईट.

*

संग्रहालयाचं उत्तर काही आलं नाही. साहेब मागच्या शेडमध्ये पडून राहिला. चौथऱ्यावर कोणाला बसवायचं यावर नवीन भांडण सुरू झालं आणि आडव्या साहेबाला दोन्ही पार्ट्या विसरल्या. ज्यांना जीव द्यायचा होता तेही, आणि ज्यांना घ्यायचा होता तेही. विसरला नाही तो बुढा. तो यायचा, शेडमध्ये जायचा, तेल लावायचा. मग एका हिवाळ्यात बुढा वारला. रैनू तीन दिवस रजेवर गेला, मी हजेरीत 'र' लिहिलं.

पुढं इन्स्पेक्शन लागलं. आदेश आला, डेपोतला सगळा निकामी माल यादी करून काढा. मी शेडमध्ये फिरून यादी केली. मोडकी खुर्ची, गंजलेले साखळदंड, जुने दरवाजे. आणि साहेब. एका बाजूनं उधई, म्हणजे वाळवी, लागली होती. टोपीची कड तुटली होती. यादीत लाकडासाठी दोनच रकाने, इमारती आणि जळाऊ. इमारतीच्या मापात तो बसत नव्हता. हाताला सवय असते, डोकं लागत नाही. मी 'जळाऊ' लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेलो.

त्या आठवड्यात, रैनू आत जंगलात कामावर असताना, जळाऊचा ट्रक भरून गेला. पावसाळ्याआधी स्मशानघाटावर लाकडं जायची, तोच ट्रक. साहेब कोणाच्या सरणात गेला ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. तिथं तो फोडलेल्या लाकडासारखंच लाकूड होता.

सोमवारी रैनू बाटली घेऊन आला. बापाची बाटली, टोळीचं तेल. शेडमधून परत माझ्या टेबलापाशी.

"बाबू, साहेब कुठी आहे?"

मी सांगितलं. त्यानं बाटली टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "माह्या बाबाच्या आज्यानं कोरला होता तो."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"आमच्या गावचे खांब तोच कोरे. मानूस मेला की त्याच्या नावाचा सागाचा खांब उभा करतो ना आम्ही, ते. साहेबानं गाव उठवलं, तिथी साग लावला. अन् आज्याले वेठीले धरून आनलं, म्हने माहा पुतळा कोर. कोरला त्यानं. बाबा म्हने, साहेबाचं तोंड साहेबाचं आहे, पन हात आज्याचे आहे. त्यानं सोताचे हात पाहून कोरले."

"अरे, मग सभेत का नाही सांगितलं तुम्ही?"

"सांगतलं ना बाबानं!" रैनू म्हणाला. "तेच तर सांगतलं. हा साहेब वाईट होता, याले इथी गेटावर ठेवू नका. पन मोडूही नका. आमाले द्या. जुन्या गावाच्या जागी आमचे खांब आहे अजून, सागाच्या लाइनीत. त्याइच्यासमोर नेऊन उभा करतो. पाह्यत राहू दे त्याले. आज्याचेही हात घरी येईन."

मी म्हटलं, "त्यांनी मराठीत का नाही सांगितलं रे? तुला तरी बोलवायचं!"

"मोठी गोष्ट आपल्याच बोलीत बोलाव लागते, बाबू. अन् तुम्ही लिहून राह्यले होते ना! बाबा घरी येऊन म्हने, बाबूनं सगळं लिहून घेतलं. आता सरकार वाचन अन् देईन. म्हून तर वाट पाहून राह्यलो आम्ही."

एवढं बोलून तो हजेरी लावून कामाला गेला. बाटली माझ्या टेबलावरच राहिली. मी कपाटातून ती इतिवृत्ताची फाईल काढली आणि ती ओळ पुन्हा वाचली. 'समयोचित विचार.' अक्षर फार सुंदर आलं होतं. मला माझी इतकी लाज नोकरीत कधी वाटली नव्हती.

*

शेवटचा किस्सा माझ्या रिटायरमेंटनंतरचा.

बुढ्याला जाऊन दोन वर्षं झाली आणि रैनू घरी आला. म्हणाला, "बाबाचा खांब उभा करून राह्यलो. तुम्ही या." जाऊ की नको, असं चार दिवस चाललं होतं. रशीदभाई म्हणाला, "चला बाबू, मी येतो. मले खांब पाहाचे आहे." त्याच्या मोटरसायकलवर निघालो. डांबरी संपली, मुरमाड संपली, शेवटचा नाला पायी ओलांडला.

आताच्या गावाबाहेर मोहाच्या झाडांखाली खांब होते. काही इतके जुने की कोरीव काम बोटानंच कळावं. एक नवा, ताज्या लाकडाचा, अजून वास येत होता. रैनूनं स्वतः कोरला होता. मी त्याला चौदा वर्षं हजेरीत पाहिला, त्याच्या हातात ही कला आहे हे मला माहीत नव्हतं.

रशीदभाई खांबाभोवती फिरत होता. "वा रे उस्ताद," पुटपुटत होता. माणूस जसा जगला तसं खांबावर कोरतात. वर बैलजोडी होती. मग मोहफुलं वेचणारी बाई, बुढ्याची बायको असावी. मग एक अस्वल आणि झाडावर चढलेला माणूस. ते पाहून गावातली माणसं अजूनही हसत होती. मग ओंडका ओढणारा हत्ती, आमच्या डेपोतला.

सगळ्यात खाली दोन माणसं होती. एक उभा, हात वर केलेला, तोंड उघडं. त्याच्यासमोर खुर्चीवर बसलेला दुसरा. डोळ्यांवर चष्मा, मान खाली, हातात पेन. मांडीवरच्या कागदावर रैनूनं एकही रेघ कोरली नव्हती.

रशीदभाई त्या माणसाकडं पाहत राहिला. मग माझ्याकडं.

रैनू मागून येऊन उभा राहिला. गावातली जुनी माणसंही आली. आपसात काहीतरी बोलणं चाललं होतं, आवाज थोडे चढलेले. मला कळत नव्हतं.

"काय म्हणतात रे?" मी विचारलं.

"तुमच्यावरूनच चालू आहे, बाबू," रैनू म्हणाला. "अर्धे म्हनते, बाबाच्या खांबावर हा मानूस कायले पाह्यजे, काढून टाक. अर्धे म्हनते, राहू दे, पोराइले समजलं पाह्यजे. आठ दिवस झाले, ठरून नाई राह्यलं. मीच म्हटलं, त्याइलेच बोलावतो. त्याइचं काय म्हननं आहे ते तरी ऐकून घेऊ."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. रैनूच्या हातात पटाशी होती.